जुन्या मोटारी आणि मैलांचा कर

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कर हा शब्द कानी पडताच ज्याच्या कपाळावर आठी उमटत नाही असा मनुष्य विरळाच. परंतु कर द्यावा की न द्यावा, हा प्रश्न तसा सोपा आहे. राज्य चालायचे तर कर द्यावाच लागतो. खरा अवघड प्रश्न आहे तो कोणी किती द्यावा हा. आणि त्याहूनही अवघड म्हणजे तो कशावरून मोजावा हा. शेतसारा जमिनीच्या क्षेत्रावरून व कसावरून ठरतो. घरपट्टी घराच्या आकारावरून ठरते. पण रस्त्याचे काय? रस्ता सर्वांचा. त्यावरून कोणी रोज शंभर मैल जातो, कोणी महिन्यातून एकदा. रस्त्याच्या वापराचे माप कोणते धरायचे?

हा प्रश्न सध्या ब्रिटनमध्ये मोठ्या चर्चेचा झाला आहे. जो जितके मैल मोटार चालवील त्याने तितका कर भरावा, असा विचार तेथे मूळ धरीत आहे. या वादात एक लहानसा, जरा गमतीदार वाटणारा वर्ग मनात धास्ती घेऊन उभा आहे. तो म्हणजे जुन्या, अभिजात मोटारी जपणाऱ्या लोकांचा. प्रस्तुत लेखात त्यांची बाजू समजून घेण्याचा मी प्रयत्न करणार आहे. कारण या मूठभर लोकांच्या अडचणीत करशास्त्रातील एक मोठा पेच अगदी स्पष्ट दिसतो, असे मला वाटते.

जुनी मोटार कोणाला म्हणावे?

इंग्रज लोक जुन्या वस्तू जपण्यात मोठे हौशी. १८९६ सालच्या १४ नोव्हेंबरला मोटारींची वेगमर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांवर नेणारा कायदा अमलात आला. त्या आनंदात त्या दिवशी काही मोटारी लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटनला गेल्या. त्या घटनेची आठवण म्हणून दर नोव्हेंबरात लंडन ते ब्रायटन अशी सुमारे ६० मैलांची फेरी निघते. तीत १९०५ पूर्वी बांधलेल्या मोटारींनाच प्रवेश असतो. थंडीत कुडकुडत, वाफा सोडीत जाणाऱ्या त्या गाड्या पाहायला रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी राहतात.

परंतु सगळ्याच जुन्या मोटारी अशा संग्रहालयात शोभणाऱ्या नसतात. ऑस्टिन सेव्हन, मॉरिस मायनर, पहिली मिनी या साध्या माणसांच्या मोटारी होत्या. मॉरिस मायनर १९४८ साली निघाली आणि दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. तिच्याच कारखान्यातल्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून आपली अँबेसेडर झाली, हे सांगितले म्हणजे वाचकांना ओळख पटेल. अशा गाडीचा मालक हा लॉर्डच असतो असे नाही. तो निवृत्त मास्तर असेल, गॅरेजमधला मिस्त्री असेल, किंवा बापाची गाडी मोडीत घालवायला जीव धजत नाही असा मुलगा असेल.

कायद्याच्या दृष्टीने ब्रिटनमध्ये ४० वर्षे उलटलेले वाहन ‘ऐतिहासिक वाहन’ म्हणून नोंदवता येते. अशा वाहनाला वार्षिक वाहनकर माफ आहे. या माफीचा इतिहासही वळणावळणाचा आहे. १९९५ च्या अर्थसंकल्पात २५ वर्षांवरील मोटारींना ही सवलत मिळाली. काही वर्षांतच ती गोठवून १९७३ पूर्वीच्या गाड्यांपुरती ठेवण्यात आली. पुढे २०१४ साली ४० वर्षांची फिरती अट घालून ती पुन्हा चालू झाली. याशिवाय २० मे २०१८ पासून, मूळ रचना फारशी न बदललेल्या अशा वाहनांना वार्षिक सक्तीच्या तपासणीतूनही सूट मिळाली. ही तपासणीची सूट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचाच अडथळा होणार आहे.

मोटारीवर कर की पेट्रोलवर?

वरवर पाहता हा वाद आजचा वाटतो. पण तो शंभराहून अधिक वर्षांचा जुना आहे. लॉइड जॉर्ज यांच्या १९०९ च्या अर्थसंकल्पाने मोटारींवर अश्वशक्तीप्रमाणे परवाना शुल्क बसवले आणि पेट्रोलवर गॅलनमागे ३ पेन्स कर बसवला. यातला पहिला कर मोटार ‘बाळगण्यावर’ होता, दुसरा ती ‘वापरण्यावर’. रस्त्यांसाठी त्यातून वेगळा निधी उभा राहिला.

१९२१ पासून सरकारने पेट्रोलवरचा कर काढून टाकला आणि सारा भार बाळगण्यावर टाकला. दर अश्वशक्तीमागे वर्षाला १ पौंड. पण अश्वशक्ती मोजायची कशी? त्यासाठी एक सूत्र होते. इंजिनातील सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग करायचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि अडीचने भागायचे. दट्ट्या किती लांब सरकतो, याला या सूत्रात स्थानच नव्हते. परिणाम काय झाला? ब्रिटिश कारखानदार अरुंद व्यासाची आणि लांब दट्ट्याच्या पल्ल्याची इंजिने बनवू लागले. कर वाचला, पण इंजिनांची घडणच वाकडी झाली. अमेरिकेतली फोर्डची मॉडेल टी रुंद व्यासाची असल्यामुळे तिला वर्षाला २२ पौंडांहून अधिक भरावे लागत. ज्या ऑस्टिन सेव्हनला ८ पौंडांच्या आत-बाहेर कर पडे, ती १९२२ साली बाजारात आली आणि घराघरांत पोचली. कर मोजण्याची रीत वस्तूच्या आकारावर कसा छाप उठवते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला आढळले नाही.

१९२८ साली चर्चिल अर्थमंत्री असताना पेट्रोलवरचा कर पुन्हा आला, गॅलनला ४ पेन्स. त्याआधी १९२६ मध्ये त्यांनी रस्तानिधीतला पैसा इतर खर्चाकडे वळवलाच होता. १९३७ नंतर तर वाहनकराचा पैसा सरळ सरकारी खजिन्यात जाऊ लागला. म्हणजे लोक आजही ज्याला बोलीत ‘रोड टॅक्स’ म्हणतात, त्याचा रस्त्यांशी असलेला थेट संबंध तेव्हाच तुटला. दुसऱ्या महायुद्धानंतर अश्वशक्तीचे सूत्र मोडीत निघाले आणि नव्या मोटारींना सरसकट १० पौंड कर लागला. २००१ पासून नव्या मोटारींचा वार्षिक कर त्यांच्या धुरातील कार्बन डाय-ऑक्साइडवरून ठरू लागला.

तात्पर्य, कराचा लंबक बाळगणे आणि वापरणे या दोन टोकांत शंभर वर्षे हेलकावे खात आला आहे. यात पेट्रोलवरचा कर मात्र एका दृष्टीने फार सोयीचा ठरला. ज्याने जास्त गाडी चालवली त्याने जास्त पेट्रोल घेतले, आणि ज्याने जास्त पेट्रोल घेतले त्याने जास्त कर दिला. मोजायला माणूस नको, यंत्र नको, जाबजबाब नको. पंपाची नळी हीच मोजपट्टी.

पंपाची नळी आटू लागली

आता अडचण अशी झाली आहे की मोटारी विजेवर चालू लागल्या. विजेची मोटार पंपावर जातच नाही. घरच्या विजेवर ती रात्री भरून घेतली, तर रस्त्याच्या नावाने एक पेनीही खजिन्यात पडत नाही. ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने २०२२ च्या फेब्रुवारीत एक अहवाल दिला. इंधनकर आणि वाहनकर मिळून वर्षाला सुमारे ३५ अब्ज पौंडांचे उत्पन्न येते, म्हणजे एकूण करउत्पन्नाच्या जवळजवळ ४ टक्के. विजेच्या मोटारी वाढतील तसे हे उत्पन्न नाहीसे होईल, असे त्यात बजावले होते.

खरे तर मैलांवरून कर घेण्याची कल्पना त्याहून फार जुनी आहे. १९६४ साली रूबेन स्मीड या गणिती शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा कराची शक्यता तपासून अहवाल दिला होता. पण लोकांना ही कल्पना कधीच रुचली नाही. २००७ साली सरकार असा काही विचार करीत आहे असे कळताच विरोधाच्या अर्जावर सुमारे १८ लाख लोकांनी सह्या केल्या, आणि सरकार मागे सरले.

अखेर २६ नोव्हेंबर २०२५ रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी घोषणा केली, की एप्रिल २०२८ पासून विजेच्या मोटारींना मैलाला ३ पेन्स आणि वीज-पेट्रोल अशा दोहोंवर चालणाऱ्या, प्लग लावून भरता येणाऱ्या मोटारींना मैलाला दीड पेन्स कर द्यावा लागेल. त्यासाठी गाडीत माग काढणारे यंत्र बसवायचे नाही. मालकाने वर्षाचे मैल अंदाजाने सांगून पैसे भरायचे आणि वर्षाच्या तपासणीच्या वेळी मीटरवरचा आकडा पाहून हिशेब पुरा करायचा, अशी ही योजना.

पेट्रोलच्या जुन्या मोटारींना या घोषणेने हात लावलेला नाही. मग धास्ती कसली? धास्ती उद्याची आहे. आज विजेच्या मोटारीसाठी रचलेले माप उद्या सर्वांना लागू होणार नाही कशावरून? कर एकदा दारातून आत आला की तो ओसरीवर बसून राहत नाही, माजघरापर्यंत जातो, हा जगाचा अनुभव आहे.

थोडे आकडे मांडून पाहू

भीती बाजूला ठेवून आपण साधे अंकगणित करू. २०२२ च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये इंधनकर लिटरला ५२.९५ पेन्स करण्यात आला. हिशेबासाठी तोच दर धरू. ब्रिटिश गॅलन म्हणजे सुमारे ४.५५ लिटर. तेव्हा गॅलनमागे कर झाला जवळजवळ २४१ पेन्स.

आजची बरी पेट्रोल मोटार गॅलनला ४० मैल जाते असे धरले, तर ती मैलाला ६ पेन्स कर देते. साठ वर्षांची एखादी जुनी मोटार गॅलनला २५ मैल जात असेल, तर ती मैलाला सुमारे साडेनऊ पेन्स देते. एखादी जुनी थोराड मोटार १५ मैलच जात असेल, तर मैलाला १६ पेन्स. म्हणजे ‘करमाफी मिळालेली’ जुनी मोटार रस्त्यावर आली की प्रत्येक मैलाला विजेच्या मोटारीच्या ठरलेल्या दराच्या तिप्पट ते पाचपट कर आजच देत असते! तिला माफी आहे ती बाळगण्यापुरती, वापरण्याची नाही.

आता दुसरी बाजू पाहा. ब्रिटनमधील जुन्या वाहनांच्या मंडळांचा एक महासंघ आहे. त्याच्या २०२० च्या पाहणीनुसार असे वाहन वर्षाला सरासरी सुमारे १,२०० मैल चालते, आणि देशात एकूण जितके मैल वाहने धावतात त्यांत या वाहनांचा वाटा अवघा ०.२ टक्के आहे. १,२०० मैलांना ३ पेन्सच्या दराने कर होईल ३६ पौंड. तेवढ्याच मैलांचा पेट्रोलवरील कर आज भरला जातो तो सुमारे ११५ पौंड.

यातून दोन निष्कर्ष निघतात. मैलांचा कर पेट्रोलच्या कराऐवजी आला, तर जुन्या मोटारवाल्याचा उलट फायदाच आहे. तो पेट्रोलच्या कराच्या जोडीला आला, तर मात्र एकाच रस्त्याचे दोनदा पैसे द्यावे लागतील. तेव्हा खरा वाद ‘ऐवजी’ आणि ‘जोडीला’ या दोन शब्दांचा आहे. कोणत्याही सरकारला ‘ऐवजी’पेक्षा ‘जोडीला’ हा शब्द अधिक आवडतो, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

मोजायचे कसे?

पैशांपेक्षाही मोठी अडचण मोजमापाची आहे. मोटारीतला मीटर मैल मोजतो असे आपण म्हणतो, पण जुन्या मोटारीतला मीटर मैल मोजत नाही. तो गिअरपेटीतून निघणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो. तेथून एक पिळाची तार मीटरपर्यंत गेलेली असते. अमुक फेरे झाले म्हणजे एक मैल झाला, असे कारखान्याने ठरवून दिलेले असते. पुढे मालकाने जरा लहान टायर बसवले की तेवढ्याच अंतराला चाक अधिक फिरते आणि मीटर जास्त मैल दाखवतो. मागच्या आसाचे दातेरी चक्र बदलले तरी हिशेब चुकतो. तार तुटली तर काटा मरून पडतो. शिवाय जुन्या मीटरवर बहुधा पाचच आकडे असतात. ९९,९९९ झाले की पुढचा मैल शून्य! आणि ब्रायटनच्या फेरीत निघणाऱ्या कित्येक गाड्यांच्या काळी मीटर ही वस्तूच गाडीबरोबर येत नसे.

बरे, हा आकडा वर्षातून एकदा पाहायचा कोणी? सरकारच्या योजनेत तो वार्षिक तपासणीच्या वेळी पाहायचा आहे. पण ४० वर्षांवरच्या गाड्यांना तपासणीतून सूट आहे, हे वर आलेच. केवळ आकडा पाहण्यासाठी त्यांना पुन्हा तपासणीला उभे करायचे, तर एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल.

मग गाडीत छोटे यंत्र बसवावे आणि उपग्रहाकडून ठिकाण कळवावे, असा उपाय काही जण सुचवतात. ही यंत्रे बहुधा गाडीतील एका ठरावीक खोबणीत बसवतात. अमेरिकेत ही खोबण १९९६ पासूनच्या मोटारींना सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत ती नाही. कित्येक जुन्या गाड्यांची वीज १२ नव्हे, ६ व्होल्टची असते. आणि आज बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडतात, तर त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश मोटारींत धन टोक जोडलेले असे. नवे यंत्र तेथे लावणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे होय.

येथे मला या विषयाचे मर्म दिसते. रस्त्याच्या वापराचा कर खरोखर बारकाईने लावायचा म्हटले, तर गर्दीच्या वेळी, गर्दीच्या ठिकाणी जास्त आणि रविवारी दुपारी खेड्यातल्या मोकळ्या रस्त्यावर कमी असा तो हवा. जुन्या मोटारी नेमक्या रविवारी, मोकळ्या रस्त्यावर बाहेर पडतात. शिवाय त्या हलक्या असतात. मॉरिस मायनरचे वजन पाऊण टनाच्या आसपास. आजच्या विजेच्या मोटारी दोन टनांच्या घरात गेल्या आहेत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांची जी मोठी चाचणी झाली, तिच्यावरून असा ठोकताळा निघाला की रस्त्याची झीज आसावरील वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट तर झीज सोळापट. या न्यायाने सर्वांत अचूक कर हा जुन्या मोटारीला सर्वांत हलका पडेल. पण तो अचूक कर लावायला जे यंत्र लागते ते जुन्या मोटारीत बसत नाही; आणि जो ढोबळ कर यंत्राशिवाय लावता येतो, तो तिच्यावर अन्याय करू शकतो. असा हा पेच आहे.

दुसरी बाजू

जुन्या मोटारवाल्यांची बाजू एवढी मांडल्यावर विरुद्ध बाजूही मांडणे माझे कर्तव्य आहे. रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका वर्षाला ८,००० मैल विजेच्या मोटारीने जाईल, तर तिला २४० पौंड पडतील. ती मौजेसाठी जात नाही, पोटासाठी जाते. मग ज्याची गाडी ही हौस आहे, त्याला वेगळा न्याय का? सगळ्याच जुन्या मोटारी मॉरिस मायनर नसतात. काहींच्या किमतीत आमच्यासारख्यांची गावे विकत घेता येतील. शिवाय जुन्या इंजिनाचा धूर नव्यापेक्षा घाण असतो. लंडनमध्ये २०१९ पासून घाण धुराच्या वाहनांना दिवसाला १२.५० पौंड आकारणी चालू झाली, तीतूनही ४० वर्षांवरील ऐतिहासिक वाहने वगळली आहेत. या सवलती किती दिवस द्यायच्या, असे कोणी विचारले तर ते चूक म्हणता येणार नाही.

याला जुन्या मोटारवाल्यांचे उत्तर असे, की आम्ही हौस करतो, पण त्या हौशीवर पुष्कळांची चूल पेटते. वर उल्लेखिलेल्या पाहणीप्रमाणे या क्षेत्रामुळे ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत वर्षाला सुमारे ७.२ अब्ज पौंडांची उलाढाल होते. पत्र्याला हाताने आकार देणारा, लाकडी सांगाडा जोडणारा, चामड्याच्या गाद्या शिवणारा, कार्ब्युरेटर लावणारा असे कसबी कारागीर या मोटारींवर जगतात. गाड्या रस्त्यावरून गेल्या की काही वर्षांत ते कसबही जाईल. कसब एकदा गेले की ते पैसे मोजून परत आणता येत नाही.

इतर देशांनी काय केले?

न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या वाहनांना १९७८ पासून अंतरावर कर आहे. मालकाने हजार किलोमीटरच्या पटीत परवाना आगाऊ विकत घ्यायचा आणि त्याची चिठ्ठी काचेवर लावायची. १ एप्रिल २०२४ पासून तेथे विजेच्या मोटारींनाही हजार किलोमीटरला ७६ डॉलर या दराने हा कर सुरू झाला, आणि पुढे पेट्रोलच्या मोटारींनाही हीच पद्धत लावण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. आइसलँडने २०२४ च्या आरंभापासून विजेच्या मोटारींना किलोमीटरला ६ क्रोना कर लावला. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९१९ मध्ये त्या देशातील पहिला पेट्रोल कर बसवला होता. त्याच राज्याने २०१५ साली मैलांवरच्या कराची योजना ऐच्छिक म्हणून सुरू केली आणि मैल कसे मोजावेत याचे पर्याय मालकांना दिले. विजेच्या मोटारीपासून आरंभ करून हळूहळू इतरांकडे जायचे, अशी बहुतेकांची चाल दिसते. तेव्हा ब्रिटनमधील जुन्या मोटारवाल्यांची धास्ती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

आपल्याकडे

एका मित्राने मला विचारले, “अरे, तुझ्या घरी सायकलपलीकडे वाहन नाही. तुला साहेबांच्या जुन्या मोटारींचे काय पडले आहे?” त्याला मी जे उत्तर दिले ते येथे लिहितो.

आमच्या विहिरीवर डिझेलचे इंजिन आहे. वीज नसली की वडील तेच लावतात. ते इंजिन जमिनीत पक्के रोवलेले आहे. आजवर ते एक फूटही रस्त्यावर चाललेले नाही. तरी त्यात पडणाऱ्या प्रत्येक लिटर डिझेलवर रस्त्यांसाठीचा उपकर आम्ही भरतो. ब्रिटनमध्ये शेतीसाठी लाल रंग मिसळलेले, कमी कराचे डिझेल मिळते. आपल्याकडे तशी सोय नाही. पेट्रोल-डिझेलवरचा कर म्हणजे रस्ता वापरल्याचा कर, हे समीकरण आमच्या विहिरीवर चुकते. मोजमापाची रीत चुकली की जो रस्त्यावर नाही तोही रस्त्याचे पैसे देतो. म्हणून हा प्रश्न साहेबांच्या मोटारींपुरता नाही.

गंमत अशी की हे समीकरण भारतात रुजवण्यात एका थोर महाराष्ट्रीयाचा वाटा आहे. १९२७ साली रस्ते-विकासाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने १९२८ साली अहवाल दिला, आणि तिच्या शिफारशीनुसार १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे जादा कर बसून केंद्रीय रस्तानिधी उभा राहिला. चर्चिलनी ब्रिटनमध्ये पेट्रोलकर परत आणला तो १९२८ चा; म्हणजे दोन्ही देशांत एकाच सुमारास पंपाची नळी ही मोजपट्टी ठरली. त्या काळी मोटारी थोड्या, पंप थोडे, आणि पेट्रोल जाळणारा तो रस्ता वापरणारा हे बव्हंशी खरे होते. आज ते तितके खरे उरलेले नाही.

आपल्या देशातही जुन्या मोटारींसाठी २०२१ च्या जुलैमध्ये स्वतंत्र नियम झाले. ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनाला वेगळ्या मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आहे. आणि प्रदर्शन, शर्यत-फेरी, दुरुस्ती अशा कारणांखेरीज ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणजे आपण वापर मोजण्याऐवजी वापरच मर्यादित करून टाकला! दुसरीकडे, २०२४ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय महामार्गांच्या नियमांत बदल होऊन उपग्रहाच्या साह्याने, गेलेल्या अंतरावर पथकर घेण्याची वाट मोकळी करण्यात आली. विजेच्या गाड्या आपल्याकडेही वाढत आहेत. तेव्हा ब्रिटनने आज सोडवायला घेतलेले गणित उद्या आपल्याही पाटीवर येणार.

समारोप

ॲडम स्मिथने १७७६ साली चांगल्या कराच्या चार कसोट्या सांगितल्या, त्या आम्हाला वर्गात शिकवल्या आहेत. समता, निश्चितता, सोय आणि काटकसर. या कसोट्यांवर मैलांचा कर घासून पाहिला तर काय दिसते? समतेत तो उजवा आहे, कारण वापरेल तो देईल. निश्चिततेत तो बरा आहे, कारण दर सर्वांना ठाऊक असतो. सोयीत मात्र तो पेट्रोलच्या कराला हार जातो. पंपावर नकळत दिला जाणारा कर आता हिशेब लिहून द्यावा लागतो. आणि काटकसरीत, निदान जुन्या मोटारींच्या बाबतीत, तो नापास होतो. वर्षाला ३६ पौंड मिळवण्यासाठी मीटर तपासायचा, सूट काढून घ्यायची, तक्रारी ऐकायच्या, कोर्टकज्जे सोसायचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

माझे मत असे की जुन्या मोटारी जोवर पेट्रोल जाळतात तोवर त्यांनी पंपावरच कर भरावा. त्या आपला वाटा देतच आहेत, आणि तो विजेच्या मोटारीहून जास्त देत आहेत. पुढे कधी पेट्रोलचा करच उठला, तर मालकाने स्वतः मैल लिहून द्यावेत किंवा वर्षाची एक लहान ठोक रक्कम भरावी. यंत्राची सक्ती नसावी. पण सवलत मागताना त्यांनीही ‘आमच्यावर कर नाही’ असे मिरवू नये. ‘आम्ही थोडे चालतो म्हणून थोडे देतो’ एवढेच म्हणावे. तेच खरे आहे, आणि परिचारिकेलाही ते पटण्यासारखे आहे.

शंभर वर्षांपूर्वी सिलिंडरच्या व्यासावर कर बसला तेव्हा इंजिने अरुंद झाली. कर कशावरून मोजायचा हे ठरवणारा अधिकारी नकळत उद्याच्या वस्तूंचा आकार ठरवीत असतो. आज मैल मोजण्याची जी रीत ठरेल, तिच्यावरून उद्या कोणत्या गाड्या रस्त्यावर राहतील, कोणते कसब टिकेल आणि कोणाच्या विहिरीवरचे इंजिन विनाकारण रस्त्याचे पैसे भरत राहील, हे ठरणार आहे. म्हणून आपण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कराचा दर पाहण्यापूर्वी कराचे माप पाहण्याची सवय लावून घ्यावी, एवढेच माझे सांगणे आहे.